विद्येचे मुक्तद्वार

गेल्या दिवाळीत भोरच्या आमच्या घरी एक वाद निघाला, आणि तो नरकचतुर्दशीच्या फराळापासून भाऊबिजेच्या ओवाळणीपर्यंत पुरला. वादाचे मूळ एका पत्रात होते. धाकट्या बंधूंची कन्या पुण्यास एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकविते. वेल्हे तालुक्यात (त्याचे नाव आता राजगड झाले आहे) गुंजवणी आणि कानंदी ह्या नद्यांना मिळणाऱ्या ओढ्यांतील माशांचा तिने चार पावसाळे अभ्यास केला. आमच्या घरात माशांचे नाव इतक्या वेळा उच्चारले जाण्याचा हा पहिलाच प्रसंग. माईंनी प्रथम नाक मुरडले; पुढे मात्र त्याच होऊन “तुझ्या त्या पाण्यातल्या पाहुण्यांचे काय झाले गं?” असे विचारू लागल्या.

तर ह्या अभ्यासावरील लेख परदेशच्या एका पत्रिकेने स्वीकारला. घरात पेढे वाटले गेले. परंतु स्वीकाराच्या पत्राखालीच एक मागणी होती. लेख सर्वांस विनामूल्य वाचावयास मिळावा अशी इच्छा असेल तर लेखिकेने सुमारे सव्वादोन लाख रुपये भरावेत. न भरल्यास लेख छापला जाईलच. मात्र ज्याला तो वाचावयाचा असेल त्याने एका लेखापुरते दोन-अडीच हजार रुपये मोजावेत.

थोरले बंधू अण्णा ह्यांनी चाळीस वर्षे वकिली केलेली. त्यांनी ते पत्र दोनदा वाचले आणि चष्मा काढून विचारले, “म्हणजे लिहिणाऱ्यास मानधन नाहीच, वर दक्षिणाही त्यानेच द्यायची?”

“हो, अण्णाकाका. आणि ज्या विद्वानांनी लेख तपासला त्यांनाही काही मिळत नाही.”

“मग पैसे जातात कोठे?”

अण्णांचा हा प्रश्न वकिली खोचीचा वाटला तरी जगातील मोठमोठ्या विद्यापीठांस तो गेली पंचवीस वर्षे छळतो आहे. ज्यांचा ह्या व्यवहाराशी संबंध आला नाही त्यांस तो प्रथम खराच वाटत नाही. संशोधकाचा पगार बहुधा सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या करांतून होतो. तो लेख लिहून प्रकाशकास फुकट देतो, व पुष्कळदा त्यावरील हक्कही सोडून देतो. दुसरे विद्वान तो फुकट तपासतात. आणि मग तीच पत्रिका त्याच विद्यापीठाचे ग्रंथालय जबर वर्गणी भरून विकत घेते! आपल्याच शेतातले भात दुसऱ्याच्या कोठीत भरावे आणि मग पायलीच्या भावाने विकत आणावे, असा हा प्रकार.

ह्यावर उतारा म्हणून जी चळवळ उभी राहिली तिला इंग्रजीत ओपन अॅक्सेस म्हणतात. २००२ साली बुडापेस्ट येथून तिचा जाहीरनामा निघाला. मी तिला ‘मुक्तद्वार’ म्हणतो. आपल्याकडे मुक्तद्वार भोजनाची रीत होती. येईल त्याने पानावर बसावे, नावगाव विचारू नये. (हे बोलावयाचे झाले. त्या पंगतीस प्रत्यक्षात कोणास बसू देत आणि कोणास नाही, हे आपल्या वाडवडिलांस चांगले ठाऊक होते, व आपणांसही आहे.) पण मुक्तद्वाराला खर्च नसतो असे कोणी समजत नाही. तांदूळ कोणाच्या तरी कोठीतून येतातच. नव्या व्यवस्थेत बहुतेक मोठ्या प्रकाशकांनी ती कोठी लेखकाची ठरविली. ‘नेचर’ ह्या जगद्विख्यात साप्ताहिकाने २०२० साली एका लेखाच्या मुक्तद्वाराचे शुल्क ९,५०० युरो ठरविले. त्या वेळच्या भावाने आठ लाख रुपयांहून अधिक. पूर्वी गरीब वाचक दाराबाहेर उभा राही. आता गरीब लेखक उभा राहतो. दार तेच, बिजागरी तेवढी दुसऱ्या बाजूस बसविली.

ह्यावाचून दोन वाटा आहेत, आणि त्या कमी खर्चाच्या आहेत. एक, लेखकाने आपल्या लेखाची स्वीकृत प्रत स्वतःच्या संस्थेच्या संग्रहात सर्वांसाठी ठेवावयाची. भारत सरकारच्या विज्ञान व जैवतंत्रज्ञान ह्या दोन विभागांनी २०१४ च्या डिसेंबरात, आपल्या पैशांवर झालेल्या संशोधनास हाच नियम लावला. पीएच. डी. च्या प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ आहे. देशभरच्या विद्यापीठांतील प्रबंध तेथे कोणासही वाचता येतात. दुसरी वाट म्हणजे वाचकाकडून नाही आणि लेखकाकडूनही नाही, असा खर्च एखाद्या संस्थेनेच सोसावयाचा. कोइमतूरहून २००९ पासून निघणारे ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ हे ह्या पद्धतीचे आपल्या देशातील नामांकित उदाहरण होय. मांढरदेवीचा घाट उतरून पलीकडे गेले की वाई लागते. तेथील कृष्णेच्या माशांवर पुण्याच्या संशोधकांनी लिहिलेला लेख २०१२ साली ह्याच पत्रिकेत आला, आणि आमच्या मुलीने तो एक पैसा न देता वाचला. तिच्या अभ्यासाची सुरुवातच तेथून झाली, असे ती सांगते.

हे ऐकताना मला राहून राहून कारीची आठवण येत होती.

कारी हे गाव भोर तालुक्यात, आमच्यापासून काही कोसांवर. रोहिड खोऱ्याचे देशमुख जेधे हे तेथले. कान्होजी जेधे शहाजीराजांच्या पदरी होते व पुढे अफझलखानाच्या स्वारीत, १६५९ साली, वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांच्या बाजूस उभे राहिले, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. ह्या घराण्यात एक शकावली होती. शके १५४० पासून १६१९ पर्यंत, म्हणजे १६१८ ते १६९७ पर्यंतच्या घडामोडींची तिथीवार टाचणे तीत आहेत. कोणी जन्मला, कोणी वारला, कोणता गड केव्हा घेतला, एवढेच, पाल्हाळ नाही. दोनशेहून अधिक वर्षे हे बाड घरात राहिले. दाजीसाहेब जेधे देशमुख ह्यांनी ते लोकमान्य टिळकांस दिले, आणि टिळकांनी १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनाच्या वृत्तात ते छापून टाकले.

त्यापूर्वी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ साली झाला असे सर्वत्र मानीत. शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी तिथी निघाली. एका घरच्या बाडावर विश्वास कोणी ठेवावा? पुष्कळांनी ठेवला नाही. पण ते छापलेले होते, म्हणून त्यावर भांडता तरी येत होते! तंजावरास परमानंदाच्या शिवभारताची पोथी सापडली, ती १९२७ साली छापून आली. तिच्यात तीच तिथी. दूर राजपुतान्यात जोधपूरला एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली. तीही त्याच तिथीशी जुळली. भोरचे बाड, तंजावरची पोथी आणि जोधपूरची कुंडली ही तिन्ही आपापल्या पेटाऱ्यांत राहती तर त्यांची गाठ कधी पडली असती? १९६६ साली शासनाने इतिहासज्ञांची समिती नेमली, आणि अखेर २००१ साली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारी रीतीने मान्य झाली. वाद अजून पुरता शमला नाही, पण आता दोन्ही पक्षांस कागद पाहावयास मिळतात.

मी हे अण्णांस सांगितले. ते म्हणाले, “जेध्यांनी दिले, ठीक. आपल्या माळ्यावरच्या रुमालांचे काय?”

येथे मला गप्प बसावे लागले. आमच्या माळ्यावर कागदांचे सहा रुमाल आहेत, सगळे मोडी. आजोबांचा शब्द असा की ते बाहेरच्यास दाखवू नयेत. लहानपणी मला तो निव्वळ हेकटपणा वाटे. पण मावळातल्या कोणत्याही जुन्या घरात, मग ते गुंजण मावळच्या शिळीमकरांचे असो, कानद खोऱ्याच्या मरळांचे असो किंवा हिरडस मावळच्या बांदलांचे असो, कागद म्हणजे वतन होते. पुढे इंग्रज सरकारने इनाम कमिशन बसविले, १८५२ च्या कायद्याने त्यास अधिकार मिळाले, आणि ज्याच्या कागदांत खोट निघाली त्याचे इनाम बुडाले. त्या धास्तीने मुलखातील दप्तरे पेटाऱ्यांत गेली ती गेलीच. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे दारोदार हिंडले, त्यांस कित्येक ठिकाणी विन्मुख फिरावे लागले, ह्याचे कारण लोकांचे अज्ञान एवढेच नव्हते. कागद उघडला की कोणी तरी हक्क सांगत येतो, हा अनुभवही होता. तरी त्या मनुष्याने १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापविले, १९१० साली पुण्यास मंडळ उभे केले, आणि स्वतः काही कमाविले नाही. त्या खंडांतला मजकूर आज घरबसल्या, फुकट वाचता येतो. वर्गणीदार व देणगीदार ह्यांच्या जिवावर मंडळ चालले. लेखकास शुल्क मागितल्याचे ऐकिवात नाही.

लपविलेल्या कागदाचे काय होते तेही आमच्याच घराण्याने पाहिले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. वेल्ह्याच्या डोंगरांतले पाणी पुण्याच्या पेठांत शिरले, आणि आमच्या चुलत घराण्याची एक ट्रंक, तिच्यातील साऱ्या सनदांसह, चिखल होऊन निघाली. त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

परंतु उघडे केले की सत्यच बाहेर येते, असेही नाही. ह्याच रोहिड खोऱ्याच्या दादाजी नरस प्रभू देशपांडे ह्यांस महाराजांनी १६४५ साली लिहिले म्हणून एक पत्र प्रसिद्ध आहे. रायरेश्वराच्या शपथेची सारी कथा त्याच्याभोवती गुंफलेली आहे, त्यातले स्वराज्याविषयीचे वाक्य मुलांस तोंडपाठ असते. आणि हे पत्र अस्सल नव्हे, मागाहून कोणी तरी रचलेले आहे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पत्र छापले गेले, म्हणून ते पसरले. आणि छापले गेले म्हणूनच त्याची भाषा, मायना, मिती तपासून शंका घेता आली. हे दोन्ही खरे आहे. फक्त पहिली गोष्ट एका वर्षात होते, दुसरीला पन्नास लागतात, आणि तोवर रायरेश्वराच्या पठारावर फलक लागलेले असतात.

म्हणून मुक्तद्वार म्हटले की पहिला प्रश्न दार केवढ्यास उघडते हा नव्हे, तर दारात पारखी कोण बसला आहे हा होय. लेखकाकडून पैसे घेऊन छापावयाचे ठरल्यावर, जितके लेख अधिक तितका नफा अधिक, हे ओळखण्यास फारशी बुद्धी लागत नाही. अशा लुटारू पत्रिकांचे पीक गेल्या पंधरा-वीस वर्षांत उदंड आले. २०१३ साली ‘सायन्स’ साप्ताहिकाच्या एका बातमीदाराने मुद्दाम ढोबळ चुकांचा एक खोटा लेख रचून ३०४ मुक्तद्वार पत्रिकांकडे धाडला. १५७ पत्रिकांनी तो आनंदाने स्वीकारला. लाज वाटावी अशी गोष्ट ही की त्यांत आपल्या देशातील पत्रिका पुष्कळ होत्या. ह्याचे खापर केवळ प्रकाशकांवर फोडून चालणार नाही. अध्यापकाची बढती लेखांच्या संख्येवर टांगून ठेविली, आणि लेख वाचण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही, म्हणजे दुसरे काय होणार? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या अखेरीस विश्वासार्ह पत्रिकांची यादी करण्याची व्यवस्था केली. २०२५ च्या फेब्रुवारीत ती गुंडाळली, आणि निवड पुन्हा महाविद्यालयांवर सोडली. आमच्या मुलीच्या टपालात आठवड्यास दोन-तीन तरी पत्रे येतात: आपण थोर विदुषी आहात, लेख पाठवा, चार दिवसांत छापतो, फक्त अमुक इतके रुपये धाडा. माईंनी एक ऐकले आणि म्हणाल्या, “लग्न जमविणाऱ्या मंडळींचीच भाषा गं ही!”

माईंच्याच स्वयंपाकघरातला एक दाखला मला अण्णांपुढे ठेवावयाचा होता. जखमेवर हळद दाबावी हे ज्ञान कोणत्या आजीस नाही? पण १९९५ साली अमेरिकेत ह्याच उपायावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास एकस्व, म्हणजे पेटंट, मिळाले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, त्यास हरकत घेतली. आमच्या आज्या हे करीत आल्या, असे सांगून भागेना. छापील पुरावा हवा होता. बत्तीस संदर्भ शोधून काढले, त्यांत १९५३ सालचा भारतीय वैद्यक संघाच्या मासिकातील एक लेखही होता. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. छापून सर्वांपुढे ठेवलेले ज्ञान कोणास आपल्या एकट्याच्या नावावर चढविता येत नाही. माळ्यावरचे ज्ञान तेवढे चोरता येते.

अण्णांनी मान हलविली, पण वकील एका मुद्द्यावर हार मानीत नाही. “मग सगळेच उघडे करावे?” ह्या ठिकाणी पुतणीनेच त्यांची बाजू घेतली. तोरणा आणि राजगडाच्या कड्यांवर पावसाळ्यात जी दुर्मिळ फुले येतात त्यांचा नेमका ठावठिकाणा लिहिला, की पुढल्या वर्षी तेथे खणलेला खड्डा सापडावयाचा, अशी अभ्यासकांस धास्ती असते. २०१७ साली ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी दुर्मिळ प्राण्यांचे नेमके ठिकाण छापूच नये, असे ‘सायन्स’मध्ये उघड लिहिले. तिने स्वतः आपल्या लेखात दोन डोहांची नावे गाळली आहेत. ती नावे तिला सांगणाऱ्या माणसाने तशी गळ घातली होती.

हा माणूस कानंदीकाठचा. मासे धरून पोट भरणारा, चौथीपर्यंत शिकलेला. लेखातील निम्मे ज्ञान त्याचे, असे ती मोकळेपणाने म्हणते. आणि खरे दुखणे तिचे हेच होते. सव्वादोन लाख भरले नाहीत तर तो लेख त्याच्या हाती पडणार नाही. केंद्र सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात ‘एक देश, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली; तीन वर्षांस सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशकांच्या सुमारे तेरा हजार पत्रिका, आणि त्या सुमारे ६,३०० सरकारी संस्थांत खुल्या. ही फार मोठी गोष्ट झाली, ह्यात शंका नाही. परंतु ती महाविद्यालयाच्या फाटकाच्या आतल्यांसाठी. सेवानिवृत्त शिक्षक, गावचा वैद्य, गड धुंडाळणारा तरुण, आणि हा कोळी हे सगळे फाटकाबाहेरचे.

“आणि पैसे भरून लेख त्याच्या हाती दिला,” अण्णा म्हणाले, “तरी तो इंग्रजी लेख तो वाचणार कसा?”

ह्यावर कोणी काही बोलले नाही. मंडळाचे त्रैमासिक आणि राजवाड्यांचे खंड मराठीत होते, म्हणून कारीच्या माणसास आपल्या घरचा कागद छापलेला वाचता आला, एवढे मात्र माझ्या मनात येऊन गेले.

पुढे काय झाले ते सांगतो. वडिलांनी ठेव मोडून पैसे देऊ केले. तिने घेतले नाहीत. लेख त्या पत्रिकेकडून परत मागविला व शुल्क न घेणाऱ्या एका देशी पत्रिकेकडे धाडला. तेथे आठ महिने गेले. परीक्षकांनी दोन कोष्टके नव्याने करावयास लावली, आणि परदेशी नाव नसल्यामुळे बढतीच्या हिशेबात तो लेख हलका पडला. त्या वर्षी तिची बढती राहिली. ह्याचे तिला दुःख झाले नाही असे मी म्हणणार नाही. लेख निघाल्यावर तिने त्याचा मराठीत आठ पानी सारांश केला, माशांच्या चित्रांसह, आणि वेल्ह्यास जाऊन त्या गृहस्थाच्या हाती दिला. त्याने पायरीवर बसून पाने उलटली, आणि पाचव्या पानावर बोट ठेविले. दोन माशांची गावची नावे तिने अदलाबदल करून छापली होती. दुरुस्ती तिने पत्रिकेस कळविली आहे.

आमच्या सहा रुमालांपैकी चार गेल्या महिन्यात माळ्यावरून खाली आले. पुण्याहून एक मोडी वाचणारे गृहस्थ दर रविवारी येतात, पानापानाची छायाचित्रे घेतात. माई त्यांस चहा देतात आणि आपल्या सासऱ्यांचे अक्षर दिसले की थांबवून पाहतात. उरलेल्या दोन रुमालांत भावकीच्या जमिनीचे कागद आहेत, खटला अजून चालू आहे. ते अण्णांनी पुन्हा बांधून वर ठेविले.